किल्ला करणाऱ्या हातांना जगाचा नकाशाही करू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याची सुट्टी लागली की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं पोती, विटा, दगड आणि लाल माती गोळा करायला लागतात आणि दिवाळीपर्यंत गल्लीगल्लीत रायगड, राजगड, प्रतापगड उभे राहतात. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, कंग्राळी कुठेही जा, रात्री उशिरापर्यंत पोरं चिखलात हात घालून बसलेली असतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बक्षिसांच्या बातम्या येतात, बघून खूप बरं वाटतं. हे पत्र त्याच किल्ल्यांबद्दल आहे पण जरा वेगळ्या कारणाने. मी बरीच वर्षं खानापूर तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत शिकवलं, आता रिटायर होऊन शनिवारी दुपारी अंगणात गल्लीतल्या पोरांना घेऊन बसते, आणि मला जे सांगायचंय ते असं की जी पोरं हाताने एवढा अवघड किल्ला उभा करतात त्यांना शाळेत जगाचा भूगोल मात्र आपण नुसता पाठ करायला लावतो, हे थांबायला पाहिजे. जग सुद्धा त्यांना हाताने करू द्या.

राजगड करणाऱ्या सहावीच्या मुलाला विचारा, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या कुठे, बालेकिल्ला कुठे, कडा किती तुटलेला, वाट कुठून चढते, सगळं सांगेल. त्याच मुलाला अँडीज पर्वत कुठे आहे विचारा, दक्षिण अमेरिका म्हणून पाठ केलेलं उत्तर देईल आणि गप्प बसेल, कारण त्याने अँडीजला कधी हात लावलेलाच नाही. दोन्ही डोंगरच की. एक हाताने केला म्हणून डोक्यात राहिला आणि दुसरा पुस्तकात चार बोटांची एक तपकिरी पट्टी बघून विसरला.

समाज विज्ञानाच्या पुस्तकात धडे वाईट आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण वर्गात काय होतं बघा, धडा वाचायचा, राजधान्या पाठ करायच्या, परीक्षेत नकाशाच्या प्रश्नाला मार्क जातात म्हणून ठराविक दहा-बारा ठिकाणं घोटून घ्यायची. पहिली ते तिसरी नलीकली या खेळत शिकण्याच्या पद्धतीमुळे पोरं जमिनीवर बसून कार्डं, खेळ, गाणी असं काहीतरी हाताने करत शिकतात, आणि त्यानंतर जेव्हा खरं जग सुरू होतं, खंड, महासागर, वारे, तेव्हा नेमकं हाताचं काम बंद होतं आणि वहीत उतरवून घेणं सुरू होतं. बऱ्याच शाळांत पृथ्वीगोल असतो पण तो ऑफिसातल्या कपाटावर, पोरांनी फिरवून मोडू नये म्हणून. अहो तो फिरवण्यासाठीच असतो.

आणि जिथे प्रोजेक्ट म्हणून काहीतरी करायला सांगतात तिथे दुकानातून थर्माकोलची शीट आणायची, नेटवरनं रंगीत चित्रांची प्रिंट काढायची, चिकटवायची, आई रात्री बारापर्यंत कापत बसते आणि मूल झोपलेलं असतं. त्याला मी हस्तकला म्हणत नाही. त्यात मुलाचा हातही नाही आणि डोकंही नाही, वर थर्माकोलचा कचरा वेगळाच.

आता हाताने भूगोल म्हणजे काय करायचं, तर सुरुवात आपल्याच मातीतून करा. एका घमेल्यात मातीचा छोटा डोंगर करायचा, किल्ला केला तरी चालेल. घमेल्यात एक बोट पाणी ओतायचं आणि पाणी डोंगराला जिथे टेकतं तिथे खिळ्याने रेघ ओढायची. अजून एक बोट पाणी, अजून एक रेघ, असं वरपर्यंत जायचं. मग पाणी काढून टाकायचं आणि उभं राहून वरून बघून त्या रेघा कागदावर उतरवायच्या. झाला समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीवरून जाणाऱ्या रेषांचा नकाशा. कडा असेल तिथे रेघा जवळ जवळ येतात, उतार हळू असेल तिथे लांब लांब, हे फळ्यावर समजावताना दोन तास जातात आणि तरी निम्म्यांना कळत नाही, घमेल्यात ते न सांगता कळतं. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलाला तर यात नवीन काहीच नाही, फक्त वरून बघायची सवय लावायची.

मग तोच डोंगर जरा लांब करून सह्याद्री करायचा आणि वरून झारीने पाणी सोडायचं. आपल्या खानापूर तालुक्याइतकी सोय देशात फार कमी ठिकाणी असेल. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. आणि त्याच तालुक्यात देगावच्या बाजूला उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. एकाच रानात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटून जातो. हे मातीत पाणी सोडून एकदा बघितलं की मग युरोपातल्या आल्प्सकडे जायचं, तिथे ऱ्हाईन आणि ऱ्होन या नद्या स्वित्झर्लंडच्या डोंगरात जवळजवळच्या भागातून निघतात, एक उत्तर समुद्राला जाते आणि दुसरी भूमध्य समुद्राला. पोरं लगेच म्हणतात, बाई, हे आपल्या कणकुंबीसारखंच हाय की. हेच पाहिजे. आल्प्स आता त्यांच्या ओळखीचा झाला.

पावसाचंही तसंच. कणकुंबी-आमगावला पाऊस धो धो कोसळतो आणि आपल्याच जिल्ह्यात अथणीला शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. मातीच्या सह्याद्रीच्या पश्चिमेला हिरवा रंग द्या, पूर्वेला पिवळा. मग दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाला अँडीज करा, तिथे वारे पश्चिमेकडून प्रशांत महासागरावरनं येतात, म्हणून चिलीची बाजू ओलीचिंब, दाट जंगलाची, आणि डोंगरापलीकडे अर्जेंटिनाचा पॅटागोनिया कोरडा, झुडपांचा. मुलांनी रंग स्वतः ठरवून द्यावा, आपण सांगू नये, वारा कुठून येतो एवढंच सांगायचं, बघा ती बरोबर देतात का नाही.

मोठ्या जगासाठी माती जड होते, तिथे कागदाचा लगदा चांगला. आपल्या घरात रोजचा पेपर येतो, त्याची रद्दी किलोवर विकण्यापेक्षा रात्रभर भिजत घालायची, सकाळी कुटायची, त्यात मेथी वाटून घालायची म्हणजे कीड लागत नाही. आपल्या आज्या अशाच लगद्याच्या टोपल्या करून वर्षानुवर्षं वापरायच्या, गावात विचारा, कुणीतरी अजून करणारी असेल, तिला शाळेत बोलवा. फुग्यावर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून चार-पाच थर दिले, वाळवले, की पृथ्वीगोल तयार. मग त्यावर लगद्याने खंड. रंगवताना निळा रंग नेहमी संपतो आणि तेव्हा सांगायचं की पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाणीच आहे आणि एकटा प्रशांत महासागर सगळ्या जमिनीपेक्षा मोठा आहे. निळी डबी संपल्यावर ऐकलेला ७१ आकडा मुलं विसरत नाहीत.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गोलावर हिमालय बोटभर उंच केला तर छान दिसतो पण तो खोटा आहे. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर, म्हणजे ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर त्याची उंची जेमतेम ०.२ मिलिमीटर यायला पाहिजे, साधे दोन कागद एकावर एक ठेवले तर तेवढी. पोरांना हे गणित करायला लावा, ती हबकतात. आपण डोंगर मुद्दाम उंच करतो, दिसावा म्हणून, आणि मुद्दाम करतोय हे माहीत असलं पाहिजे. दिवाळीच्या किल्ल्यात सुद्धा महाराज दरवाज्यापेक्षा मोठे असतात, ते चालतंय, तिथे भक्तीचं माप वेगळं, पण नकाशात माप सांगून बदलायचं.

सपाट नकाशा का खोटा बोलतो हे तर संत्र्याने शिकवावं. संत्र्यावर पेनाने खंड काढायचे, साल शक्यतो अखंड सोलायची आणि पाटावर सपाट दाबायची. फाटते. फाटल्याशिवाय सपाट होतच नाही. ज्या मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली तो प्रसिद्ध नकाशा केला त्याने दर्यावर्दी लोकांसाठी दिशा बरोबर ठेवली आणि त्यापायी आकार ताणले, म्हणून भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका ग्रीनलँडच्या १४ पट आहे. ग्रीनलँड साधारण २२ लाख चौरस किलोमीटर आणि आपला भारत जवळपास ३३ लाख, म्हणजे भारतच मोठा. हे पृथ्वीगोलावर ट्रेसिंग पेपर ठेवून आकार उतरवून, कापून, एकावर एक ठेवून मुलांना स्वतः बघू द्या. वर्षानुवर्षं आपण युरोप मोठा आणि आफ्रिका लहान असं बघत आलो, पुढच्या पिढीने तरी बघू नये.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट दोऱ्याची. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. केलेल्या गोलावर बेळगावला टाचणी टोचायची आणि तिथून विषुववृत्ताला समांतर असा लाल दोरा पश्चिमेला गुंडाळत न्यायचा. पहिल्यांदा वेंगुर्ला लागतं, मग अरबी समुद्र, मग येमेन, तांबडा समुद्र, इरिट्रिया, सुदान. खार्टूम, जिथे निळी नाईल आणि पांढरी नाईल एकत्र येतात, ते दोऱ्याच्या थोडंसं खाली. मग चाड, नायजर, माली, सगळं वाळवंटाच्या कडेकडेने, मग अटलांटिक, कॅरिबियन बेटं, होंडुरास, ग्वाटेमाला, मेक्सिकोचा दक्षिण किनारा, आणि मग संपतच नाही असा प्रशांत महासागर, तिथे पोरांचा दोरा कमी पडतो. पुढे फिलिपिन्स, व्हिएतनाममधलं होई आन हे जुनं बंदर अगदी आपल्याच रेषेवर, लाओस, थायलंड, म्यानमार, बंगालचा उपसागर. आणि दोरा परत भारतात शिरतो तो कुठे, तर आंध्रात कृष्णेच्या मुखाजवळच्या सपाट प्रदेशात, म्हणजे कणकुंबीचं मलप्रभेचं पाणी जिथे समुद्राला मिळतं त्याच पट्ट्यात. तिथून कर्नूलवरून सरळ आपल्या घरी. आता विचारायचं, सगळ्या ठिकाणी सूर्य डोक्यावर सारखाच येतो मग सुदानात वाळू आणि व्हिएतनामात भाताची शेतं का? वारा समुद्रावरून येतो का वाळवंटावरून, हे मग पुस्तकात शोधायला मुलं स्वतःहून जातात. दोऱ्यावरच्या प्रत्येक देशाचं एक चित्र काढून दोऱ्याला लटकवा, घर कसं, पीक कुठलं, कपडा कसला. अख्खं वर्ष पुरतं.

कपड्यावरून आठवलं, शहापूर, वडगाव, खासबागला इतके यंत्रमाग आहेत, तुटका-उरलेला धागा भरपूर मिळतो. पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यावर मुलांना विणायला दिलं तर घानामधलं केंटे कापड शिकवता येतं, ते अरुंद अरुंद पट्ट्या विणून मग एकमेकांना शिवून करतात. विणकराच्या घरची मुलगी वर्गात असेल तर त्या दिवशी तीच बाई. तिच्या घरचं काम हे जगात कुठेतरी दुसरीकडेही मानाने केलं जातं हे तिला आणि वर्गाला कळलं पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं. तसंच खानापूरची माती, जिथे खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे, तसंच गोकाकची लाकडी रंगीत खेळणी आणि फळं. हे कारागीर आपल्या जिल्ह्यात असताना आपण प्लास्टिकचं किट मागवतो, काय उपयोग.

जगातल्या लोकांनी स्वतः हाताने केलेले नकाशे तर मुलांना दाखवायलाच पाहिजेत. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरचे नावाडी नारळाच्या झावळीच्या हिरांचा सांगाडा बांधून त्यावर समुद्राच्या लाटा कुठून येतात, बेटाला आपटून कशा वळतात हे दाखवायचे, आणि जिथे बेट तिथे कवडी-शिंपली बांधायचे. होडीत तो न्यायचेच नाहीत, किनाऱ्यावर बसून हाताने चाचपून पाठ करायचे आणि मग समुद्रात जायचे. आपल्याकडे खराटा प्रत्येक घरात आहे, शिंपल्या गोव्याला, मालवणला गेलं की पोरं खिसे भरून आणतात. आणि पूर्व ग्रीनलँडच्या अम्मासालिक भागातल्या लोकांनी केलेले लाकडी नकाशे १८८० च्या दशकात एका डॅनिश मोहिमेला मिळाले, त्यात किनाऱ्याच्या खाचाखोचा लाकडात कोरलेल्या, बोट फिरवून वाचायच्या. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडची अंध मुलं आठवली. उठावाचा नकाशा प्रत्येक शाळेत असेल तर त्या मुलांनाही नकाशा वाचता येईल, आणि तो दुसऱ्या शाळेतल्या मुलांनी त्यांच्यासाठी करून दिला तर आणखी चांगलं.

खंडांचं कोडं तर फुकटात होतं. किराणा दुकानातलं खोकं आणायचं आणि खंड कापायचे. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या हद्दींवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला, आजचे जिगसॉ पझल तिथून आले. मी मात्र हद्दींवरून न कापता आधी खंड कापायला सांगते. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका जवळ आणल्या की बसतात, भारत आणि मादागास्कर शेजारी ठेवता येतात, आणि मग १९१२ साली वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंड सरकतात असं मांडलं तेव्हा लोकांनी विश्वास का ठेवला नाही हे सांगायला मजा येते. टेबलावर ओलं गोणपाट पसरून एका बाजूने ढकललं की त्याला घड्या पडतात, हिमालय असाच झाला, भारताची भूमी आशियाला साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी धडकली आणि अजून ढकलतेच आहे.

आपण सीमाभागात राहतो. आपल्या पोरांना नकाशावरची रेघ फार लवकर कळते, घरात, बातम्यात, चौकात तीच चर्चा असते, आणि ती का असते ते मला चांगलं माहीत आहे, मी त्यातच वाढले. पण म्हणूनच वाटतं की मुलाने आधी डोंगर, नदी, वारा, समुद्र हाताने करावा आणि रेघा नंतर काढाव्यात. शाळेच्या पुस्तकात कर्नाटकाचा नकाशा, घरच्या टीव्हीवर महाराष्ट्राचं हवामान आणि मामा गोव्यात, असं मूल आपलं. घटप्रभा, मलप्रभा, म्हादई त्याच्या तिन्ही बाजूंना हात लावतात. मातीच्या नकाशावर नावं लावताना मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषेत चिठ्ठ्या लावाव्यात, पुढे दहावीनंतर इंग्रजीत गेल्यावर मूल अडत नाही आणि शेजारच्या कन्नड शाळेतली मुलंही बघायला येऊ शकतात.

शिक्षक म्हणतील पोर्शन कधी संपवायचा, जनगणना, निवडणूक, मध्यान्ह आहाराचे हिशेब, आणि ते खरंच आहे, मी ते सगळं केलेलं आहे. पण एका मातीच्या सह्याद्रीत नद्या, पाऊस, जमीन आणि पिकं असे तीन-चार धडे एकदम होतात, चित्रकला आणि समाज विज्ञान यांचे तास आठवड्यातून एकदा जोडले तरी पुरे. प्रतिभा कारंजीत, म्हणजे शाळांच्या कलास्पर्धांत, मातीकामाची स्पर्धा असतेच, दरवर्षी तेच गणपती आणि तेच बैल होतात, ते होऊ द्या पण एखाद्या वर्षी नदीचं खोरं करून पाठवा. एसडीएमसीने, म्हणजे शाळेच्या पालक समितीने, शिक्षकांच्या मागे पत्रं लावण्यापेक्षा एक ट्रॉली माती टाकून दिली तर जास्त मदत होईल.

आता मुख्य विनंती, आणि ती किल्ला स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना आहे. किल्ल्यांची स्पर्धा आहे तशीच राहू दे, ती आपली जान आहे. त्याच्या जोडीला या दिवाळीपासून जगातल्या एखाद्या भूप्रदेशाचा एक वेगळा गट ठेवा, नाईलचं खोरं, जपानचा फुजी, आईसलँडचे ज्वालामुखी, ॲमेझॉन, जे पोरांना पाहिजे ते. आणि किल्ल्याच्या गटात सुद्धा उत्तर दिशेचा बाण आणि माप लिहिलेलं असेल तर जादा गुण द्या, परीक्षकांनी मुलांना फक्त इतिहास न विचारता पाणी कुठून कुठे वाहतं हेही विचारावं. थर्माकोल आणि रेडिमेड मॉडेलला बक्षीस देऊ नका.

दुसरी विनंती तुम्हाला, संपादक साहेब. तुमच्या रविवारच्या मुलांच्या पानावर महिन्यातून एकदा पानभर मोठा कोरा नकाशा छापा, एकदा आफ्रिका, एकदा दक्षिण अमेरिका, खाली मातीत किंवा लगद्यात तो कसा करायचा याच्या चार ओळी, आणि मुलांनी करून पाठवलेल्या कामांचे फोटो पुढच्या महिन्यात. खेड्यातल्या शाळेत प्रिंटर नसतो पण तुमचा पेपर पोचतो. जी शाळा सुरुवात करेल तिथे माती कालवायला मी स्वतः यायला तयार आहे, खानापूर तालुक्यात कुठेही, फक्त पाऊस संपल्यावर बोलवा म्हणजे केलेलं वाळेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
खानापूर, जि. बेळगाव